मुलगा सावरला, आई अजून कटऑफच्या याद्याच बघतेय

प्रश्न, थोडक्यात: मी नाशिकला राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुलाला यंदा (२०२५) एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेश परीक्षेला, ९८.६ पर्सेंटाइल मिळाले. क्लासच्या सराव परीक्षांत तो ९९.७ च्या खाली येत नव्हता, त्यामुळे पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शाखा मिळणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. क्लाससाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते चालू आहेत. दुसऱ्या फेरीत नाशिकच्याच एका कॉलेजात आयटी मिळालं. ती नववी पसंती होती आणि आम्हाला न विचारता त्याने ती सीट फ्रीझ, म्हणजे कायमची पक्की, करून टाकली. तो मजेत आहे. मी मात्र रात्री तीनला उठून मोबाइलवर कटऑफच्या याद्या बघत बसते. मिस्टर म्हणतात, झालं ते झालं. नणंदेच्या मुलीला सीओईपी मिळालंय आणि गौरींना सगळे एकत्र येणार आहेत. पसंतीक्रमाचा फॉर्म मीच भरला होता, तिथेच चुकलं का? एक जण डोनेशन भरून सीट मिळवून देतो म्हणतोय, त्याचं ऐकू का? मुलाला ड्रॉप घ्यायला, म्हणजे वर्ष थांबून परत परीक्षा द्यायला, लावू का? की आतापासूनच गेटचा (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा) फाउंडेशन क्लास लावू? आणि मी स्वतः सावरू कशी?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत. चार ॲडमिशनचे, पाचवा तुमचा. बारावीच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर इतकी वर्षं काम करताना मला हे दरवर्षी ऑगस्टमध्ये दिसतं: पाचवा प्रश्न सहन होत नाही म्हणून माणूस पहिले चार घेऊन धावत सुटतो. डोनेशन, ड्रॉप, गेट या तिन्ही कल्पना मुलासाठी आहेत असं वाटतं खरं, पण त्या सुचतात रात्री तीनला, तुम्हाला झोप येत नाही तेव्हा. म्हणून आधीच सांगून ठेवते. तुमचं वाईट वाटणं थांबावं यासाठी मुलाच्या शिक्षणाचा कुठलाही निर्णय घेऊ नका. त्याने ते थांबत नाही आणि निर्णय मात्र चार वर्षं गळ्यात राहतो.

आधी फॉर्मचं बघू, कारण तो अपराध तुम्ही विनाकारण डोक्यावर घेतलाय. वरच्या आठ जागांवर सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय आणि पुण्यातली मोठी कॉलेजं टाकली म्हणून मधल्या सीट हातच्या गेल्या, असं तुम्हाला वाटतंय. कॅपचं, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, वाटप तसं चालत नाही. मेरिट क्रमांकाप्रमाणे तुमच्या मुलाची पाळी आली की त्याची पहिली पसंती बघितली जाते. तिथे जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी, असं खाली येत जी पहिली मोकळी सापडेल ती त्याला मिळते. वर अशक्य कॉलेज टाकल्याने खालची सीट जात नाही. उलट जे खरंच हवं ते वर न टाकणं हीच चूक असते, आणि ती तुम्ही केलेली नाही. फॉर्म तुम्ही बरोबर भरलाय.

आता ९८.६. हा आकडा घरात ‘एकच टक्का कमी पडला’ म्हणून मोजला जातो. पण पर्सेंटाइल म्हणजे मार्कांचे टक्के नव्हेत, शंभरातली किती मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला यंदा चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. म्हणजे एक पर्सेंटाइल साधारण चार हजार मुलांचा झाला, दशांश चिन्हापुढचा एक आकडा चारशे मुलांचा. (चारशेवीस म्हटलं तर हिशेब जास्त जवळ जातो, पण तो विनोद आत्ता तुम्हाला रुचणार नाही.) तुमच्या मुलाच्या पुढे सहा हजारांच्या आसपास मुलं होती आणि सीओईपीचं कॉम्प्युटर खुल्या गटाला ९९.९ च्या आसपास बंद होतं. पेपर दोनशे मार्कांचा, त्यात गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा. वरच्या टोकाला इतकी दाटी असते, की मोजकी गणितं सुटली नाहीत तरी शेकडो नंबर मागे जातात. त्यातून क्लासच्या सराव परीक्षेतले पर्सेंटाइल एकतर त्याच क्लासच्या मुलांमधले असतात, नाहीतर मागच्या वर्षांवरून बांधलेला अंदाज असतो. ९९.७ हे तुम्हाला कोणी दिलेलं वचन नव्हतं. क्लासवाल्यांनी ते वचनासारखं वापरलं असेल, तो भाग वेगळा.

फ्रीझ करण्याबद्दल मात्र तुमची बाजू अगदीच चुकीची नाही, तेही सांगते. बेटरमेंट (हातातली सीट ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट बघणं) घेतली असती तर नववी सीट हातात राहिली असती आणि तिसऱ्या फेरीत सातव्या-आठव्या पसंतीचं एखादं कॉलेज लागलंही असतं. वरच्या नंबरांतली काही मुलं आयआयटी-एनआयटीला निघून जातात, जागा खाली सरकतात. सीओईपीचं कॉम्प्युटर मात्र कुठल्याच फेरीत आलं नसतं, एवढं अंतर कोणतीही फेरी भरून काढत नाही. आता सेल्फ-फ्रीझ झाल्यावर पुढच्या कॅप फेऱ्यांत त्याला भाग घेता येत नाही, म्हणजे तो विषय नियमानेच संपलाय. पण तुमचं पत्र वाचताना मला असं जाणवलं, की सातवं-आठवं कॉलेज गेलं याचं तुम्हाला फारसं काही नाही. त्याने विचारलं नाही, हे लागलंय. दोन वर्षं प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारून करणारा मुलगा लॉगिन करून स्वतःच बटण दाबून मोकळा झाला. मला वाटतं, त्याला ती वाट बघणं संपवायचं होतं. घरात रोज संध्याकाळी तीच चर्चा होत असेल तर अठरा वर्षांच्या मुलाला ते नक्कीच संपवावंसं वाटतं. रागावू नका असं म्हणणार नाही. पण त्याला एकदा शांतपणे विचारा, “का केलंस रे फ्रीझ?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

डोनेशनवाल्याला आजच नाही म्हणून टाका. सरकारी कॉलेजात मॅनेजमेंट कोटा नसतोच, तेव्हा ‘सीओईपीत आतून करून देतो’ म्हणणारा थापा मारतोय. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत संस्था पातळीवरच्या, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याच्या, जागा असतात. त्यांसाठी रीतसर अर्ज मागवले जातात, गुणवत्ता यादी लागते, फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते आणि झालेल्या प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. त्याबाहेर पावतीशिवाय रोख मागितली, की ते कॅपिटेशन, म्हणजे बेकायदा डोनेशन, झालं. आपल्याकडे त्याला बंदी घालणारा कायदा १९८७ सालचा आहे. समजा पैसे दिले आणि पुढे मान्यता अडकली, तर फेऱ्या मारणार तुमचा मुलगा. एक हप्ता चालू असताना दुसरं कर्ज, तेही अशा माणसाच्या भरवशावर? शाळेतल्या दुसऱ्या पालकाने तुम्हाला हे विचारलं असतं तर तुम्हीच त्याला दारातून परत पाठवलं असतं.

ड्रॉपचं उत्तर थोडक्यात. मेडिकलसाठी मुलं ड्रॉप घेतात, कारण तिथे सीट मिळणं आणि न मिळणं यांत डॉक्टर होणं न होणं असतं. इंजिनीअरिंगची सीट हातात असताना केवळ कॉलेजच्या नावासाठी वर्ष घालवावं असं मला सहसा वाटत नाही. मुलाने स्वतःहून हट्ट धरला, कुठे कमी पडलो ते त्याला नेमकं सांगता आलं, आणि परत वर्षभर तेच ते करायची त्याची तयारी असली, तरच विचार करावा. तुमच्या घरात ड्रॉप हवाय तो तुम्हाला. दुसऱ्याच्या इच्छेने घेतलेला ड्रॉप दिवाळीपर्यंत टिकतो, पुढे मुलगा नुसता खुर्चीत बसलेला असतो.

आता तुमच्याबद्दल.

अशा वेळी सगळे म्हणतात, आईवडील आपली स्वप्नं मुलांवर लादतात. तुम्हालाही कोणीतरी ऐकवलं असेलच. मी ते म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रात मला स्वप्नापेक्षा कामच जास्त दिसलं. तुम्ही लिहिलंय, पहाटे साडेचारला उठून दोन डबे, एक क्लासचा आणि एक कॉलेजचा. साडेपाचला त्याला क्लासच्या गाडीपर्यंत सोडायचं. शाळेतून आल्यावर त्याच्या चाचणीचे मार्क वहीत उतरवायचे. रविवारी टेस्ट, म्हणून दोन वर्षांत माहेरी मुक्काम नाही. ताई, ही तुमची दुसरी नोकरी होती आणि निकालाच्या दिवशी ती बंद पडली. ना निरोपसमारंभ, ना कोणी म्हटलं की चांगलं केलंत. हाताला काम नाही पण साडेचारची सवय आहे, मग शरीर तीनलाच उठतं आणि उरलेलं एकमेव काम शोधतं: कटऑफची पीडीएफ. सीट मिळाली असती तरी ही पोकळी आलीच असती, हे मी सीट मिळालेल्या मुलांच्या आयांकडे बघून सांगते. त्या बिचाऱ्यांना तर बोलायचीही सोय नसते.

म्हणून ‘विसरून जा’ हा सल्ला तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला ही नोकरी संपवायला लागेल, आणि ती संपवायची म्हणजे काही हातांनी करायच्या गोष्टी असतात. मोबाइलमधल्या सगळ्या फेऱ्यांच्या पीडीएफ डिलीट करा. क्लासच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडा. म्यूट करू नका, सोडाच. तिथे आता फक्त कोणाला काय लागलं एवढंच येणार आहे. मार्कांची ती वही फाडू नका, माळ्यावर टाका. क्लासच्या नोट्स त्याला विचारून पुढच्या वर्षीच्या एखाद्या गरजू मुलाला द्या, रद्दीत घालू नका. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावून झोपा. तीनला जाग आली तर उठून बसा, पाणी प्या, हवं तर रडा. फक्त मोबाइल घ्यायला दुसऱ्या खोलीत जावं लागलं पाहिजे. तेवढ्या अंतरात बहुतेक रात्री विचार बदलतो.

पतसंस्थेच्या हप्त्याचंही एक सांगते. दर महिन्याला पैसे गेल्याचा मेसेज आला, की खपली निघत असणार. तो मेसेज मिस्टरांच्या मोबाइलवर जाऊ द्या आणि हप्ता त्यांच्या खात्यातून भरा. घरखर्चाची वाटणी पाहिजे तशी नंतर लावा. क्षुल्लक वाटेल, पण करून बघा.

आणि झोपेकडे फक्त मनाचा प्रश्न म्हणून बघू नका. तुम्ही वय लिहिलेलं नाही, पण बारावीच्या मुलांच्या आया बहुतेक करून पंचेचाळिशीच्या आसपास असतात. पाळी जाण्याआधीच्या काळात पहाटे जाग येणं, छातीत धडधडणं, उगाच रडू येणं हे होऊ शकतं. त्यात हा धक्का बसला, की सगळं खापर ॲडमिशनवर फुटतं. एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. जूनपासून झोप नाही म्हणजे दोन महिने होऊन गेले, हे अंगावर काढण्यासारखं नाही. तपासण्या ठीक येऊनही झोप आली नाही, किंवा शाळेत वर्गावर उभं राहवेना झालं, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर सरकारचा आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कसं फोन करू’ असं वाटेल, पण तो नंबर अशाच गोष्टींसाठी आहे.

आता गौरी. हा प्रश्न तुम्ही जाताजाता लिहिलाय, पण मला वाटतं खरी धास्ती तिचीच आहे. कॅपच्या फेऱ्या नेमक्या गणपतीच्या तोंडावर येतात, त्यामुळे ज्याचं जे झालं ते सगळं गौरीजेवणाच्या पंगतीत निघतं. तुम्ही त्या घरच्या सूनबाई, म्हणजे उठून दुसऱ्या खोलीतही जाता येणार नाही, पुरणपोळ्या तुम्हालाच वाढायच्या आहेत. तर तयारीने जा. भाचीसाठी पाकीट घरूनच भरून न्या आणि गेल्या गेल्या, चपला काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तिच्या हातात द्या. “छान केलंस गं, खूप अभ्यास कर.” झालं. सगळ्यांत अवघड काम सुरुवातीला उरकलं, की पुढचा दिवस हलका जातो. नाहीतर दिवसभर ते पाकीट पर्समध्ये टोचत राहतं.

मग प्रश्न येतील. “काय गं, मग कुठे घेतलं?” याचं एकच उत्तर पाठ करून ठेवा आणि मिस्टरांनाही तेच पाठ करायला लावा: “इथेच घेतलं, नाशिकला, आयटीला.” पूर्णविराम. पुढे ‘पण’ लावू नका. ‘पण थोडक्यात हुकलं’, ‘पण त्या दिवशी त्याला ताप होता’, ‘पण पेपरच अवघड काढला होता’ हे शब्द तुमचा मुलगा शेजारच्या खोलीत बसून ऐकत असतो, आणि आपली सीट मिळवलेली आहे की हुकलेली, हे तो आईच्या त्या ‘पण’वरून ठरवतो. कोणी फारच खोदलं तर “बसा की, पोळी घ्या अजून एक” हे उत्तर आपल्याकडे अजूनही चालतं. आणखी एक: मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, रात्री तीनला तो रकानाही तुम्ही बघितला असणार. ते मनात आलं म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. पण पंगतीत ते बोलू नका, एकदा बोललेलं पुढची वीस वर्षं नणंद-भावजयीत राहतं. एखादी मावशी दोघांना शेजारी उभं करून फोटो काढायला सांगेल, तेव्हा मुलाला काही काम सांगून बाहेर पाठवा.

मुलगा ‘मजेत आहे’ हे खरंही असेल. काही मुलांना निकालानंतर सुटल्यासारखं वाटतं, आणि सुटका वाटली म्हणजे त्याला किंमत नाही असा अर्थ होत नाही. पण आई रात्री उठून रडते हे माहीत असलेली मुलं तिच्यासमोर मजेत राहतात, हेही मी पाहिलंय. खात्री करायची असेल तर समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसून जाताना विचारा, तोंड दिसत नसलं की मुलं बोलतात. मित्रांचे फोन टाळतोय, जेवण सोडलंय, दिवसा झोपून रात्री जागतोय, ‘माझा काही उपयोग नाही’ असलं काही बोलतोय, तर उद्यावर टाकू नका, तोच १४४१६ नंबर त्याच्यासाठीही आहे. मरणाची भाषा निघाली तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. यातलं काही नसेल, तर त्याला एकदा एवढंच सांगा: “मला वाईट वाटलं, ते माझं मी बघतेय. तुझ्यावर राग नाही.” लांबवू नका. तुमची समजूत काढणं हे त्याचं काम नाही, हे त्याला कळलं की पुरे.

मिस्टरांच्या ‘झालं ते झालं’चा तुम्हाला राग येतो. त्यांना एकट्यांना विचारून बघा, की निकालाच्या दिवशी ऑफिसात कोणाला काय सांगितलं. तिथे काहीतरी सापडेल असा माझा अंदाज आहे.

गेटचा फाउंडेशन क्लास मात्र नको. गेट देता येते ती इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून, आणि तिच्या जोरावर पुढे एम.टेक.ला आयआयटीच काय, सीओईपीतही जाता येतं. तो रस्ता बंद झालेला नाही आणि त्याला तो दोन वर्षांनी स्वतःच दिसेल. आज पहिल्या सेमिस्टरच्या आधी तुम्ही क्लास लावलात, तर परत साडेचारचा गजर, परत दोन डबे, परत वही. नोकरी तीच, फक्त साहेब बदलला. ज्या कॉलेजात तो चाललाय तिथलं पहिलं वर्ष त्याला कुठल्याही प्रवेश परीक्षेच्या तयारीशिवाय मिळू द्या. तिथल्या गणिताच्या पेपरला सीईटीचा अभ्यास उपयोगी पडणार आहे, क्लासची फी तेवढी तरी वसूल होईल.

साडेचारला जाग येणारच आहे काही दिवस. त्या वेळेत काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, फक्त मुलाशी संबंधित काही नको. फिरायला जा, भावाला फोन करा, किंवा माहेरी राहायला जा. दोन वर्षं गेला नाहीत ना? गौरी झाल्या, की शनिवार-रविवार तिकडे काढा. मुलाला बरोबर नेऊ नका, त्याचं जेवण तो आणि त्याचे वडील बघतील.

आणि पत्राच्या शेवटी, खाडाखोड करून तुम्ही विचारलंय, की शेजाऱ्यांना पेढे वाटायचे की नाही. मुलाला विचारा. तो हो म्हणाला तर वाटा, आणि ते त्यालाच घेऊन जाऊ दे दारोदार.